वेब सेवा अंत्यबिंदू, अभिक्रियाशील परिवेषकावरील

एका संगणकावरील आज्ञावलीने महाजालातून दुसऱ्या संगणकावरील आज्ञावलीकडे मागणी करावी व ठरलेल्या स्वरूपात उत्तर मिळवावे, या व्यवस्थेस वेब सेवा म्हणतात. अशी मागणी जेथे स्वीकारली जाते, त्या निश्चित स्थानास अंत्यबिंदू ही संज्ञा आहे. अंत्यबिंदू म्हणजे केवळ पत्ता नव्हे. यजमान संगणकाचे नाव, द्वार क्रमांक (सुरक्षित एचटीटीपीसाठी सामान्यतः ४४३), मार्ग, मागणीची पद्धती (गेट, पोस्ट, पुट इ.), प्रदत्ताचे स्वरूप आणि मागणी करणाऱ्याची ओळख पटविण्याची रीत या सर्वांचा मिळून होणारा तो एक करार असतो. हा करार परिवेषकास (सर्व्हरला) समजावून देण्याच्या क्रियेस विन्यास म्हणतात.

वेब सेवांच्या पहिल्या पिढीत सोप हा संदेशसंकेत रूढ होता (१·१ आवृत्ती, २०००). त्यात बहुधा एकाच पत्त्यावर सर्व मागण्या येत आणि कोणते काम करावयाचे ते संदेशाच्या पोटात लिहिलेले असे. रॉय फील्डिंग यांनी २००० मध्ये आपल्या प्रबंधात मांडलेल्या रेस्ट या रचनाशैलीत प्रत्येक साधनास स्वतंत्र पत्ता मिळतो. त्यामुळे मार्गांची आखणी हा विन्यासाचा मोठा भाग झाला.

मार्ग आखताना नावांवर विसंबणे धोक्याचे असते. आष्टी हे बीड जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. पण वर्धा जिल्ह्यातही आष्टी तालुका आहे आणि याच नावाची गावे सोलापूर (मोहोळ तालुका), जालना (परतूर तालुका) व गडचिरोली (चामोर्शी तालुका) या जिल्ह्यांत आहेत. बीड जिल्ह्यातील आष्टीस २०२२ मध्ये आगगाडी आली, ती ‘न्यू आष्टी’ या नावाच्या स्थानकावर. शिवाय नावे बदलतातही : शेजारच्या अहमदनगर जिल्ह्याचे नाव २०२४ मध्ये अहिल्यानगर झाले. म्हणून मार्गात नावाऐवजी संकेतांक घालणे श्रेयस्कर. २०११ च्या जनगणनेतील जिल्हा संकेतांक बीडसाठी ५२३, तर वर्ध्यासाठी ५०४ असा आहे. ‘/जिल्हा/५२३/’ या मार्गाने येणारी मागणी वर्ध्याच्या आष्टीकडे जाऊ शकत नाही. नाव हे उत्तरात, वाचणाऱ्यासाठी द्यावे.

परिवेषकाचे दोन प्रकार : जुन्या धाटणीचा परिवेषक प्रत्येक मागणीसाठी एक कार्यतंतू राखून ठेवतो. प्रदत्तकोशाकडून उत्तर येईपर्यंत तो तंतू नुसता थांबून राहतो. तंतू २०० असतील व प्रत्येक मागणीस २ सेकंद लागत असतील, तर सेकंदाला १०० हून अधिक मागण्या पार पडणे शक्य नाही. त्यापुढील मागण्या रांगेत साचतात. एका यंत्रावर दहा हजार जोडण्या कशा सांभाळाव्यात, हा प्रश्न डॅन केगेल यांनी १९९९ मध्ये स्पष्टपणे मांडला. त्याचे उत्तर घटना-चक्रात सापडले. यात थोडे तंतू असंख्य जोडण्यांकडे आळीपाळीने पाहतात. एखादे उत्तर यावयाचे असेल, तर त्याची नोंद करून पुढील कामास लागतात. एन्जिनएक्स (२००४), नोड (२००९) व व्हर्ट-एक्स (२०११) ही या पद्धतीची प्रसिद्ध उदाहरणे होत. प्रतिसादक्षमता, आघातसहत्व, लवचिकता व संदेशाधिष्ठितता ही अभिक्रियाशील प्रणालीची चार लक्षणे २०१४ मधील जाहीरनाम्यात सांगितली आहेत.

व्हर्ट-एक्समध्ये घटना-चक्रांची संख्या, वेगळे न सांगितल्यास, यंत्रातील गाभ्यांच्या दुप्पट असते; म्हणजे आठ गाभ्यांच्या यंत्रावर सोळा. जोडण्या आठ हजार असतील, तर एका चक्राच्या वाट्यास सु. पाचशे येतात. त्या चक्रावर एखाद्या अंत्यबिंदूच्या हस्तकाने दोन सेकंद अडवणूक केली, की उरलेल्या सर्वांचा खोळंबा होतो. म्हणून अडवणूक करणारी कामे (जुन्या चालकाद्वारे प्रदत्तकोश वाचणे, छायाचित्र लहान करणे इ.) कामगार-तंतूंच्या वेगळ्या संचाकडे सोपविण्याची तरतूद प्रत्येक अंत्यबिंदूसाठी करावी लागते. नवख्या योजकांच्या बहुतेक तक्रारींचे मूळ या एका गोष्टीत असते.

विन्यासातील प्रमुख बाबी : महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर सुरू झालेली ई-पीक पाहणी हे या दृष्टीने बोलके उदाहरण आहे. शेतकरी स्वतः बांधावर उभा राहून भ्रमणध्वनीने पिकाचे छायाचित्र व स्थाननिर्देशांक पाठवितो. ही नोंद पीकविमा, पीककर्ज, नुकसानभरपाई व हमीभावाने खरेदी यांत पाहिली जाते. ती न झाल्यास पेरलेले रान कागदावर रिकामे राहते. आष्टीसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात त्याची किंमत मोठी असते. मुदतीच्या अखेरच्या दिवसांत मागण्यांचा लोंढा येतो आणि शिवारात संदेशवहन क्षीण असते, अशा दुहेरी अडचणीत ही सेवा द्यावयाची असते.

अशा अंत्यबिंदूचे पहिले पथ्य पुनरावृत्तीविषयीचे आहे. छायाचित्र पोहोचले, पण पोच वाटेत हरवली, तर भ्रमणध्वनी तीच मागणी पुन्हा करतो. साध्या पोस्ट पद्धतीत एकाच शेताच्या दोन नोंदी होण्याचा संभव असतो. भ्रमणध्वनीनेच प्रत्येक नोंदीस एक अनन्य क्रमांक देऊन ती पुट पद्धतीने पाठविल्यास, कितीही वेळा पाठविली तरी नोंद एकच राहते.

दुसरे, कालमर्यादांची उतरंड. प्रदत्तकोशासाठी ५ सेकंद, परिवेषकासाठी ८ व त्यापुढील प्रवेशद्वारासाठी १० अशी बाहेरील मर्यादा आतील मर्यादेपेक्षा मोठी हवी. उलट झाल्यास प्रवेशद्वार कंटाळून परत फिरते, आत काम चालूच राहते, मागणी पुन्हा येते आणि भार ऐन गर्दीत दुप्पट होतो.

तिसरे, प्रतिदाब. प्रदत्तकोश जेवढे घेऊ शकेल तेवढेच पुढे सोडावे. रांगेस कमाल लांबी असावी. ती भरल्यावर ५०३ हा स्थितिसंकेत आणि किती वेळाने पुन्हा यावे याची सूचना तत्काळ देणे, हे मागणी मिनिटभर लटकत ठेवून अखेर सोडून देण्यापेक्षा प्रामाणिक होय. अनंत रांग ठेवणारा परिवेषक स्मृती संपून कोसळतो व सर्वांचीच नोंद बुडते.

याखेरीज मागणीच्या आकारमानास मर्यादा, टीएलएस प्रमाणपत्र, नोंदवही आणि परिवेषक जिवंत आहे की नाही हे सांगणारा स्वतंत्र अंत्यबिंदू या नेहमीच्या बाबी होत. मार्गांचा क्रमही पाहावा लागतो : सर्वसमावेशक मार्ग आधी लिहिला, तर त्यानंतरच्या विशिष्ट मार्गाची पाळी येतच नाही.

मर्यादा : अभिक्रियाशील रचनेने संथ प्रदत्तकोश वेगवान होत नाही, केवळ वाट पाहण्याचा खर्च कमी होतो. दोष शोधणेही कठीण होते, कारण एका मागणीचे काम अनेक तुकड्यांत विखुरलेले असते. जावा भाषेच्या २१ व्या आवृत्तीत (२०२३) आभासी तंतू आले. ते अत्यंत हलके असल्याने प्रत्येक मागणीस एक तंतू ही जुनी, वाचावयास सोपी पद्धती पुन्हा परवडू लागली आहे. मात्र तंतू स्वस्त झाले तरी प्रदत्तकोशाच्या जोडण्या मोजक्याच राहतात. त्यामुळे पुनरावृत्ती, कालमर्यादा व रांगेची लांबी यांविषयीचा विन्यास या पद्धतीतही करावाच लागतो. [→ संगणक, संदेशवहन].