डोंबिवलीच्या नावाची संख्या

घाटकोपर, मुलुंड, ठाणे मागे टाकत लोकल डोंबिवलीला पोचते. या स्टेशनच्या नावाने गणितात संख्यांचे एक अख्खे घराणे आहे, हे तिथे रोज उतरणाऱ्यांपैकी फार थोड्यांना ठाऊक असेल. जी.आय.पी. रेल्वेच्या काळात हे स्टेशन ‘डेम्लो’ होते. दत्तात्रय रामचंद्र कापरेकरांना या संख्यांचा विचार इथे सुचला आणि त्यांनी स्टेशनचेच नाव त्यांना देऊन टाकले. कापरेकर मूळचे डहाणूचे, जन्म १९०५चा. १९३० ते १९६२ देवळालीच्या शाळेत शिक्षक. जगाला ते ६१७४ या आकड्यामुळे माहीत आहेत. मला त्यांच्या डेम्लो संख्या जास्त मोलाच्या वाटतात.

या घराण्यातल्या काही संख्या नुसत्या एकांच्या वर्गांतून मिळतात. ११चा वर्ग १२१, १११चा १२३२१. असे करत नऊ एकांपर्यंत गेलात, की वर्ग येतो १२३४५६७८९८७६५४३२१. डावीकडून वाचा की उजवीकडून, तोच. अंकांची बेरीज ८१, तोही वर्गच. अवयव पाडायला बसलात तर ३, ३७ आणि ३३३६६७ एवढ्या तीनच मूळ संख्या हाती लागतात.

ही संख्या केवढी? अंधेरीची गिल्बर्ट टेकडी सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याची. तो थंड होताच कुणी सेकंदाला एक या वेगाने मोजायला बसला असता, रात्रंदिवस न थांबता, तर आजवर जेमतेम सहावा हिस्सा मोजून झाला असता. सगळे मोजायला ३९ कोटी वर्षे हवीत.

आता आणखी एक एक जोडा. दहा एकांचा गुणाकार हाताने मांडला, की मधल्या रकान्यात दहा एके येतात. शून्य लिहायचे, हातचा एक. शेजारच्या नवात तो मिळवला की पुन्हा दहा, पुन्हा हातचा. तो आठाला मिळतो आणि आठाचा नऊ होतो. उत्तर १२३४५६७९००९८७६५४३२१. डावीकडचा आठ गायब! इतकी देखणी रचना एका हातच्याने मोडते, आणि का मोडते ते चौथीतल्या मुलालाही दिसते. मोठ्या संख्यांचे खरे सुख मला यातच वाटते.

भास्कराचार्यांनी ‘लीलावती’त एकापासून परार्धापर्यंत अठरा स्थानांची नावे दिली आहेत. नऊ एकांच्या वर्गाचा पहिला अंक सतराव्या, ‘मध्य’ या स्थानी बसतो. दहा एकांचा वर्ग एकोणीस अंकी, म्हणजे परार्धाच्याही पलीकडचा. नावांची ती यादी अपुरी पडते ती नेमकी रचना मोडते तिथेच.

घरातल्या मुलांना अकरा एकांचा वर्ग कागदावर करायला द्या. साध्या कॅल्क्युलेटरवर तो मावणार नाही. हातचे नीट सांभाळले तर उत्तर येईल १२३४५६७९०१२०९८७६५४३२१.