अपस्मारविरोधी औषधांचे पचनमार्गातील शोषण

अपस्मारविरोधी औषधांचे पचनमार्गातील शोषण म्हणजे तोंडावाटे घेतलेले औषध जठर व आतड्यांतून रक्तात पोहोचण्याची प्रक्रिया होय. अपस्मार (फेफरे, मिरगी) या विकारात झटके रोखण्यासाठी रक्तातील औषधाची पातळी ठरावीक मर्यादेत राहावी लागते. पातळी घटल्यास झटके पुन्हा येऊ शकतात, तर वाढल्यास विषबाधेची लक्षणे दिसतात. गिळलेल्या मात्रेपैकी जेवढा भाग मूळ स्वरूपात रक्ताभिसरणात पोहोचतो, त्याच्या प्रमाणास जैवउपलब्धता म्हणतात.

प्रक्रिया

गोळी पचनमार्गात फुटते आणि तिच्यातील औषध पाचक द्रवात विरघळते. शोषण मुख्यतः लहान आतड्यात होते, कारण तेथील असंख्य सूक्ष्म उंचवट्यांमुळे शोषणासाठी विस्तृत पृष्ठभाग मिळतो. शोषलेले औषध प्रथम यकृतात जाते व तेथून सर्व शरीरात पसरते.

औषधांनुसार फरक

लेव्हेटिरासेटाम जलद व जवळजवळ पूर्णपणे शोषले जाते. अन्नामुळे त्याच्या शोषणाचा वेग मंदावतो, परंतु एकूण प्रमाण घटत नाही. कार्बामाझेपिन पाण्यात अल्प विद्राव्य असल्याने त्याचे शोषण संथ व अनियमित असते. ओलाव्यामुळे त्याच्या गोळ्या कडक होतात व नीट विरघळत नाहीत. परिणामी औषधाचा प्रभाव सुमारे एक-तृतीयांशाने घटू शकतो. म्हणून त्या कोरड्या जागी ठेवणे आवश्यक असते. गॅबापेंटिन आतड्यातील अमिनो आम्लांच्या वाहकांमार्फत शोषले जाते. या वाहकांची क्षमता मर्यादित असल्याने दैनिक मात्रा ९०० मिलिग्रॅम असताना जैवउपलब्धता सुमारे ६० टक्के असते, तर ४८०० मिलिग्रॅमला ती सुमारे २७ टक्क्यांपर्यंत उतरते.

फेनिटॉइनचे उदाहरण

फेनिटॉइन हळूहळू शोषले जाते. काही आम्लपित्तनाशके आणि नळीवाटे दिले जाणारे द्रव अन्न यांमुळे त्याचे शोषण कमी होऊ शकते. शिवाय त्याचा निचरा करण्याची यकृताची क्षमता मर्यादित असल्याने शोषणातील लहानशा वाढीनेही रक्तातील पातळी बरीच वाढते.

१९६८ साली ऑस्ट्रेलियात फेनिटॉइनच्या कॅप्सूलमधील कॅल्शियम सल्फेट या पूरक द्रव्याऐवजी लॅक्टोज वापरले गेले. औषधाची मात्रा तीच असूनही अनेक रुग्णांमध्ये विषबाधेची लक्षणे दिसली. कॅल्शियम सल्फेटमुळे पूर्वी शोषणात अडथळा येत होता; लॅक्टोजमुळे तो दूर झाला. एकाच औषधाच्या निरनिराळ्या उत्पादनांत अदलाबदल करताना खबरदारी का घ्यावी लागते, हे या घटनेतून स्पष्ट झाले.

इतर औषधांचा परिणाम

पातळी घटण्यामागे नेहमी शोषणच कारणीभूत असते असे नाही. मुंबईच्या सेठ गोवर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय व केईएम रुग्णालयातील संशोधकांनी १९९२ साली फेनिटॉइन आणि शंखपुष्पीयुक्त आयुर्वेदिक औषध यांच्यातील आंतरक्रियेचा अभ्यास प्रसिद्ध केला. दोन्ही औषधे एकत्र घेणाऱ्या दोन रुग्णांमध्ये झटक्यांवरील नियंत्रण सुटल्याचे आढळले होते. उंदरांवरील प्रयोगांत शंखपुष्पीच्या अनेक मात्रा दिल्यावर फेनिटॉइनची रक्तातील पातळी घटली. एकच मात्रा दिल्यावर मात्र पातळी न बदलताही त्याचा झटकेरोधक प्रभाव कमी झाला. त्यामुळे अपस्माराच्या रुग्णाने घेतलेल्या इतर सर्व औषधांची, वनौषधींसह, माहिती चिकित्सकाला असणे महत्त्वाचे ठरते.