आईचा किलो आणि सरकारी शिक्का



माझी आई बाजारात भाजी विकते. कधी मिरची, कधी तोंडली, पावसाळ्यात काकडी. तिच्याकडे जुना दोन पारड्यांचा तराजू होता आणि किलोच्या मापाऐवजी फडक्यात बांधलेला एक दगड. एकदा एका गिऱ्हाइकाने विचारले, "बाई, हा दगड किती भरतो?" आई म्हणाली, "किलोच भरतो साहेब." तो हसला नि पुढे गेला. आई घरी आली ती गप्पच.

दुसऱ्या दिवशी मी तो दगड शाळेत नेला. गुरुजींनी खऱ्या मापांनी तोलला. भरला १ किलो ९० ग्रॅम! म्हणजे दर किलोमागे आईचे ९० ग्रॅम फुकट जात होते. १० किलो मिरचीमागे ९०० ग्रॅम. ४० रुपये भावाने ३६ रुपये गेले की!

मग गुरुजींनी आम्हांला काट्याचे नियम सांगितले. विक्रीचा तराजू नि मापे यांवर वैधमापनशास्त्र निरीक्षकांचा शिक्का लागतो. लोखंडी मापाला एक भोक असते. त्यात शिसे भरून त्यावर शिक्का मारतात. शिक्क्यात सालाचे शेवटचे दोन आकडे आणि तिमाहीचे अक्षर असते : ए, बी, सी किंवा डी. दोन पारड्यांचा तराजू नि मापे दर २ वर्षांनी तपासून घ्यावी लागतात, विजेचा काटा मात्र दर वर्षी.

नवा काटा परवाना असलेल्या दुकानातूनच घ्यावा आणि पावती मागावी. विजेच्या काट्यावर पट्टी असते. तीवर मॉडेल मंजुरीचा क्रमांक, जास्तीत जास्त नि कमीत कमी वजन लिहिलेले असते. ३० किलोचा, ५-५ ग्रॅमने मोजणारा काटा १०० ग्रॅमच्या खाली वापरायचा नसतो. का? ५० ग्रॅममध्ये ५ ग्रॅम चुकले तर दहावा हिस्साच गेला! स्वयंपाकघरातला स्वस्त काटा बाजारात चालत नाही. तपासणीचे प्रमाणपत्र मिळते, ते जपून ठेवावे.

तराजू घरीही पाहता येतो. दोन्ही पारडी भरून दांडी सरळ करा, मग पारड्यांतला माल अदलाबदल करा. दांडी कलली तर तराजू खोटा.

आपल्या गावाला वजनाची किंमत नवी नाही. २३ मे १९४५ रोजी झरीला वारली बांधवांची परिषद भरली. त्याच वर्षी गवत कापणाऱ्यांनी ५०० पौंडांना, म्हणजे सुमारे २२७ किलोंना, अडीच रुपये मजुरी मागितली. मजुरी वजनावर असली की काटा खरा हवाच ना?

आईने शिक्क्याची लोखंडी मापे घेतली. तराजूही दुरुस्त करून तपासून आणला. आता कुणी विचारले की ती माप उलटे करून दाखवते. "बघा साहेब, शिक्का हाय."

मित्रांनो, तुमच्या घरचा किलोही एकदा शाळेत आणून तोला. आमचा दगड आता दाराला टेकण म्हणून लावला आहे.

— इयत्ता ७ वी