बॉसचं 'हो', पोर्टलचं 'नो'

गणपतीला गावी जायचंय. कोकण रेल्वेचं तिकीट कन्फर्म, आईला फोन झालाय, बॉसनेही मान डोलावलीय. पोर्टलवर तारखा टाकता आणि लाल अक्षरांत उत्तर येतं, तुम्ही या रजेला पात्र नाही! शेजारच्या डेस्कवरच्याची तेवढीच सुट्टी मात्र दोन मिनिटांत सबमिट. सेम कंपनी, सेम टीम, मग आपल्याच वाट्याला हे का?

बॉस, सॉफ्टवेअरमध्ये सगळ्यांना एकच नियम नसतो. झोहो पीपलसारख्या सिस्टीममध्ये एचआर लोकेशन, डिपार्टमेंट, हुद्दा पाहून वेगवेगळी लीव्ह पॉलिसी लावू शकतं. एखाद्याला त्यातून वगळूही शकतं. तुम्ही प्रोबेशनवर असाल, नोटीस पीरियडमध्ये असाल, तर तुमचे नियम वेगळे असू शकतात. ट्रान्सफर होऊन आलात आणि कुणी सेटिंग बदललंच नाही, तर जुन्या ऑफिसचे नियम तुमच्या मानगुटीवर तसेच!

किती दिवस आधी अप्लाय करायचं, सलग किती दिवस मिळतील, बॅलन्स संपल्यावर मायनसमध्ये जाता येईल का, हे सगळं या सेटिंगमध्येच ठरतं. सगळ्यात खतरनाक म्हणजे 'सँडविच'. शुक्रवार आणि सोमवार टाकला की मधला वीकेंडही रजेत धरला जातो. दोन दिवस मागितले, चार कापले गेले!

अर्थात, सगळंच एचआरच्या मर्जीवर नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्याने कामगारांना वर्षाला ८ नैमित्तिक रजा दिल्या. वर्षात २४० दिवस काम केलं, तर दर २० दिवसांमागे एक भरपगारी रजा, तीही ४५ दिवसांपर्यंत साठवता येणारी. मॅनेजर मंडळींना मात्र हा कायदा वगळतो. त्यांच्या हातात उरतं ते अपॉइंटमेंट लेटर.

मग करायचं काय?

• जॉइन झाल्यावर, कन्फर्म झाल्यावर आणि प्रत्येक ट्रान्सफरनंतर पोर्टलवरची आपली पॉलिसी उघडा आणि लेटरशी ताडून बघा.

• पोर्टल अडलं तर स्क्रीनशॉट काढा आणि एचआरला मेल टाका. 'सुट्टी द्या' असं न लिहिता थेट विचारा, 'माझ्या नावावर कुठली पॉलिसी लावली आहे आणि ती कधीपासून?' सेटिंग चुकलं असेल, तर या प्रश्नावर लगेच सापडतं.

• बॉसची तोंडी परवानगी सिस्टीमला दिसत नाही. मेलमध्ये त्यांना सीसी करा. अपवाद मिळाला, तर तोही लेखी घ्या. नाहीतर महिनाअखेरीला त्याच दिवसांचा पगार कापलेला दिसेल.

आणि हो, लाजू नका. तो नियम कुणीतरी माऊसने क्लिक करून लावलाय. तितक्याच क्लिकमध्ये तो बदलताही येतो, फक्त कुणीतरी विचारायला हवं.