लहान चणीच्या कृश श्वानाचा आहार

आमच्या लष्करातील मराठी घरांत कुत्रा पाळण्याची हौस जुनी आहे. मात्र वाड्यांच्या जागी सदनिका आल्या आणि राखणीच्या मोठ्या कुत्र्याची जागा पामेरियनसारख्या तीन-चार किलोच्या जीवाने घेतली. मुले पुण्याला वा परदेशी गेलेली; घरातील ज्येष्ठांना तोच सोबती. तो खंगू लागला की शेजारच्या डॉक्टरला, मग तो माझ्यासारखा बालरोगतज्ज्ञ का असेना, विचारणा होते. म्हणून हे टिपण.

कृशता डोळ्यांनी नव्हे, हाताने ओळखावी. दाट केसांखाली हाडांचा सापळा सहज लपतो. बरगड्या बोटांना अलगद लागणे हे आरोग्याचे लक्षण. कणा आणि कटीची हाडे टोचू लागली, मांड्यांचे मांस झडले, तर मात्र चिंता करावी. (लातूरकडील कारवानी कुत्रा जातीनेच सडपातळ असतो, त्याला हे माप लावू नये.) आहार बदलण्यापूर्वी पशुवैद्यांकडून जंत, गोचिडांमुळे होणारे ज्वर आणि दात यांची तपासणी करून घ्यावी. अंकुशकृमी रक्त शोषत असता तुपाची धार धरून काय उपयोग?

आपल्याकडील सर्रास आहार म्हणजे दूध-पोळी. ती अपायकारकच असे मी म्हणणार नाही. २०१३ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनानुसार, पिष्ट पचविणाऱ्या अमायलेजच्या जनुकाच्या प्रती लांडग्यापेक्षा कुत्र्यात पुष्कळ अधिक असतात. माणसाच्या सहवासात तो पोळी-भात पचवू लागला. अडचण आहे ती इवल्याशा जठराची. चार किलो योग्य वजनाच्या कुत्र्याला विश्रांतीतच दिवसाला सुमारे २०० कॅलरी लागतात. हिंडताफिरताना व वजन भरून काढताना ३०० च्या आसपास. पाणीदार दुधात भिजवलेल्या पोळीने पोट तेवढे फुगते. प्रथिने, लोह आणि जस्त तोकडेच राहतात. शिवाय अनेक प्रौढ कुत्र्यांना दुग्धशर्करा पचत नाही आणि शौचाला पातळ होते.

त्याऐवजी एक उकडलेले अंडे, पन्नास ग्रॅम शिजवलेले हाडविरहित चिकन, वाटीभर मऊ भात आणि चमचाभर तूप एवढ्यात दिवसाची गरज बहुतांशी भागते. शाकाहारी घरात चिकनऐवजी पनीर आणि मुगाची डाळ चालेल. हे दिवसातून तीन-चार वेळा विभागून द्यावे. अगदी लहान पिल्लू दीर्घकाळ उपाशी राहिल्यास रक्तशर्करा घसरून झटके येऊ शकतात. घरगुती अन्नात कॅल्शियम आणि काही जीवनसत्त्वे अपुरी पडतात. त्यांची मात्रा पशुवैद्यांनीच ठरवावी. तेवढी दगदग नको असेल, तर बाजारात मिळणारे पिल्लांचे संपूर्ण खाद्य कोमट पाण्यात भिजवून देणे मला अधिक सोयीचे वाटते.

येथे आम्हा बालरोगतज्ज्ञांची सवय आडवी येते. मुडदूस टाळण्यासाठी आम्ही बाळाला उन्हात न्यायला सांगतो. कुत्र्याच्या त्वचेत ‘ड’ जीवनसत्त्व पुरेसे तयार होत नाही. ते अन्नातूनच मिळावे लागते. उलट ‘क’ जीवनसत्त्व त्याचे यकृत स्वतः बनवते, तेव्हा लिंबू-संत्र्याचा आग्रह नको.

पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव महाराज तुपाची वाटी घेऊन धावले, ही कथा आपण लहानपणापासून ऐकतो. चमचाभर तुपात ४५ कॅलरी असतात. कृश जीवाला त्या हव्याच. वाटीभर तुपाने मात्र स्वादुपिंडाला सूज येऊ शकते. कांदा-लसणाने रक्तपेशी फुटतात. प्रसादाच्या शिऱ्यातील बेदाणे मूत्रपिंडे निकामी करू शकतात. ग्वाल्हेरच्या थंडीत घरोघरी येणारी गजक त्याने हुंगावी एवढेच.

बरेच दिवस उपाशी असलेल्या कुत्र्याला पहिल्याच दिवशी भरपेट वाढू नये. रक्तातील फॉस्फरस एकाएकी घसरून मृत्यू ओढवू शकतो. दुष्काळपीडितांबाबत आपण शिकलो तोच हा प्रकार. प्रथम विश्रांतीच्या गरजेच्या तृतीयांशाने आरंभ करून चार-पाच दिवसांत मात्रा वाढवावी. जानेवारीतील रात्री लहान देहाची उष्णता झपाट्याने जाते, तेव्हा अंथरूण-पांघरुणाकडेही लक्ष द्यावे. मे महिन्यात जेवण पहाटे आणि सूर्यास्तानंतर ठेवावे.

दर रविवारी बाळांच्या काट्यावर वजन करून वहीत नोंदवावे. आठवड्याला पन्नास-साठ ग्रॅम वाढ समाधानकारक. भूक उत्तम, शौच विपुल आणि तेलकट, तरीही वजन घटतेच आहे असे आढळल्यास स्वादुपिंडातील पाचकरसांची तपासणी करून घ्यावी.