पडवीतल्या गाडीचं इंजिन

इंजिन चालून झिजतं, पण नुसतं उभं राहून ते त्याहून लवकर मरतं. आणि उभी गाडी मारायचीच असेल, तर पेण-रोह्यासारखी जागा शोधून सापडायची नाही. रायगडात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस. पेणला धरमतरच्या खाडीचा खारा वारा, रोह्याला कुंडलिकेकाठची ओल. मूर्ती वाळवताना पेणच्या मूर्तिकारांची दमछाक करणारी हीच हवा पडवीतल्या गाडीच्या सिलिंडरमध्येही शिरते.

इंजिन बंद होतं तेव्हा एखाद-दुसऱ्या सिलिंडरचा व्हॉल्व्ह उघडा राहतोच. तिथून ओल आत जाते, ऑइलचा थर हळूहळू खाली ओघळतो आणि पिस्टनच्या रिंगा गंजून बोअरला चिकटतात. टाकीतल्या पेट्रोलचा चिकट राळेसारखा थर होतो, तो कार्ब्युरेटरचे जेट बुजवतो. जुन्या ऑइलमधलं आम्ल बेअरिंग खातं. वरची ताडपत्री ओल अडवण्याऐवजी कोंडून ठेवते. मग मेकॅनिक निकाल देतो: इंजिन जाम.

आपल्याकडे अशी गाडी बहुधा फियाट. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये प्रीमियर ऑटोमोबाइल्स स्थापन केली आणि कुर्ल्याच्या कारखान्यातून फियाट ११०० बाहेर पडू लागली. चार सिलिंडरचं, १०८९ सीसीचं इंजिन. पुढे तीच पद्मिनी झाली, मुंबईची काळीपिवळी झाली. २०२३ च्या ऑक्टोबरात पद्मिनी टॅक्सी मुंबईच्या रस्त्यावरून गेली, तरी सुट्या भागांसाठी हौशी माणसं आजही कुर्ल्याच्या आणि चोरबाजाराच्या गल्ल्या पालथ्या घालतात.

अशी गाडी हाती आली की नवी बॅटरी लावून सेल मारायचा मोह होतो. तो आवरावा. जाम इंजिनाला जोर लावला तर रिंगा तुटतात, बोअरवर ओरखडे उठतात, आणि दोन दिवसांचं काम दोन महिन्यांवर जातं.

जाणता मेकॅनिक आधी जुनं ऑइल आणि पेट्रोल काढून टाकतो. मग प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये गंज सोडवणारं तेल ओततो आणि चक्क काही दिवस गाडीकडे पाहतही नाही. त्यानंतर क्रँक पुलीच्या नटाला पाना लावून अलगद मागे-पुढे. केसभर हललं तरी जिंकलं. नाहीच हललं तर हेड उतरवायचं. बोअरला खड्डे पडले असतील तर रीबोअर करून ओव्हरसाइझ पिस्टन, तेवढ्यानं भागत नसेल तर स्लीव्ह. व्हॉल्व्ह घासून बसवायचे, पाण्याच्या वाटांमधला गंज धुऊन काढायचा, टाकी साफ करायची, होस आणि गॅस्केट नवे घालायचे.

एवढ्या खटाटोपापेक्षा दुसरं इंजिन बसवणं सोपं आणि स्वस्तही. पण इथे कायदा आडवा येतो. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षं उलटलेली दुचाकी वा चारचाकी 'व्हिंटेज' म्हणून नोंदवता येते. अट अशी की चासी, बॉडी आणि इंजिनात मोठा फेरफार झालेला नसावा. नव्या नोंदणीचं शुल्क २०,००० रुपये, मुदत दहा वर्षं. नव्या पाटीवर पेणच्या आरटीओचा ०६ नसतो, 'एमएच'नंतर 'व्हीए' येतं. आधीच नोंद असलेल्या गाडीला मात्र जुना नंबर ठेवता येतो.

गंमत पुढेच आहे. व्हिंटेज गाडी रोजच्या वापराला काढता येत नाही. प्रदर्शन, रॅली, पेट्रोल भरणं, देखभाल यांपुरतीच ती रस्त्यावर येते. म्हणजे मोठ्या कष्टानं सोडवलेलं इंजिन पुन्हा जाम व्हायची सोय नियमातच! कोल्हापूरच्या राजघराण्याची मेबॅक शाही दसऱ्याला बाहेर पडते. सामान्य मालकाला दसऱ्यापर्यंत थांबून चालायचं नाही, त्यानं देखभालीच्या सवलतीचा पुरेपूर फायदा घ्यावा.

नव्यानं बांधलेल्या इंजिनाला पहिले काही शे किलोमीटर सांभाळून चालवावं लागतं. रिंगा बोअरला बसायला वेळ लागतो. पेणहून वडखळ, नागोठणे असा सपाट रस्ता त्याला बरा. रोह्याकडे वळल्यावर भिसे खिंडीचा चढ लागतो, तिथे वरचा गिअर धरून रेटू नये. गिअर वेळेवर उतरवावा, तापमानाच्या काट्यावर नजर ठेवावी आणि काटा चढू लागलाच तर कडेला थांबावं. रेडिएटरचं झाकण मात्र गार होईपर्यंत उघडू नये.