हळदीचं द्रव्य, कुलाब्याचं चुंबक

हिंगोली जिल्ह्यात हळद आता चांगलीच रुजली आहे. वसमतच्या हळदीला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. हंगामात हिंगोलीच्या संत नामदेव मार्केट यार्डात पोत्यांच्या थप्प्या लागतात. कांडी, गट्टू, पॉलिश, ओल या जुन्या शब्दांच्या जोडीला आता ‘कर्क्युमिन’ही आलं आहे. हळदीला पिवळा रंग देणारं हे द्रव्य वाळलेल्या हळकुंडात शेकडा दोन ते पाचच्या आसपास असतं. ते ज्या मालात जास्त, त्या मालाला औषधवाल्यांकडून मागणी.

याच द्रव्याची एक कसून चौकशी मुंबईत झाली, कुलाब्याच्या टोकाला, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत. पी. के. मधु, सुदीप्त मैती आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये ती प्रसिद्ध केली. अल्झायमरच्या रुग्णाच्या मेंदूत अमायलॉइड-बीटा नावाच्या प्रथिनाची पुटं साचतात. कर्क्युमिन या प्रथिनाचे तंतू बनण्यात मोडता घालतं, उंदरांमध्ये आजाराच्या खुणाही कमी करतं, हे आधीच ठाऊक होतं. पण ते प्रथिनाला नेमकं कुठे धरतं? उत्तर शोधायला त्यांनी वापरलं ते एनएमआर, म्हणजे केंद्रकीय चुंबकीय अनुस्पंदन.

नांदेडला जाऊन एमआरआय काढून आलेल्यांनी या यंत्राचा भाऊबंद पाहिलेला आहे. तत्त्व तेच. काही अणूंची केंद्रकं चुंबकासारखी वागतात. जोरदार चुंबकीय क्षेत्रात ठेवून रेडिओलहरी सोडल्या की ती ठरावीक वारंवारितेला प्रतिसाद देतात. आजूबाजूला कोणते अणू आहेत त्यावर ही वारंवारिता किंचित हलते. किंचित म्हणजे दहा लाखांत काही भाग, पण सगळी माहिती तेवढ्यातच असते. दवाखान्यातलं यंत्र बहुधा दीड टेस्लाचं असतं. प्रथिनांसाठी वापरतात त्या ५०० मेगाहर्ट्‌झच्या यंत्रात ११.७ टेस्ला लागतात.

बाहेरून पाहिलं तर हे एनएमआरचं यंत्र म्हणजे पायांवर उभं केलेलं, माणसाहून उंच, चकचकीत पिंप. आत अतिसंवाहक तारेचं वेटोळं उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियमात बुडालेलं, त्याभोवती उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनचा वेढा. एकदा तारेत वीज खेळवली की ती वर्षानुवर्षं फिरत राहते, पुन्हा जोडावी लागत नाही. मात्र हेलियम आणि नायट्रोजन वेळच्या वेळी भरावेच लागतात, आणि आपल्याकडे हेलियम बाहेरूनच येतं. जवळ जायचं तर घड्याळ, किल्ल्या, बँकेचं कार्ड बाहेर ठेवायचं. पेसमेकरवाल्यानं जायचंच नाही.

कुलाब्याला हे शास्त्र जुनं आहे. एस. एस. धर्मट्टी स्टॅनफर्डला भौतिकशास्त्रज्ञ फेलिक्स ब्लॉक यांच्याकडे काम करत होते. १९५१ मध्ये अरनॉल्ड, धर्मट्टी आणि पॅकार्ड यांनी साध्या अल्कोहोलच्या हायड्रोजनांचे तीन वेगळे संकेत दाखवले, एकास दोनास तीन या प्रमाणात. रसायनशास्त्रज्ञांचे डोळे तिथेच उघडले. ब्लॉक यांना १९५२ चं नोबेल मिळालं. धर्मट्टींनी परत येऊन टाटा संस्थेत एनएमआरचा पाया घातला. १९८३ मध्ये गिरजेश गोविल यांच्या पुढाकारानं तिथे एनएमआरची राष्ट्रीय सुविधा उभी राहिली. पुढे याच परंपरेत रामकृष्ण होसूर यांनी एचआयव्हीच्या प्रोटीएज प्रथिनावर काम केलं. आमांशाच्या जंतूतल्या, कॅल्शियम धरणाऱ्या एका प्रथिनाची रचनाही २००१ मध्ये इथूनच आली. आमांश म्हणजे पावसाळ्यात खेड्यापाड्यांच्या घरात शिरणारा आजार. त्याला हा मान मिळाला याचं मला विशेष वाटतं.

अमायलॉइडचं दुखणं वेगळं. त्याचे तंतू विरघळत नाहीत आणि त्यांचे नीट स्फटिकही होत नाहीत. द्रावणाचं एनएमआर आणि क्ष-किरण, दोन्ही मार्ग बंद. मग घन अवस्थेतलं एनएमआर करायचं. झिर्कोनियाची काही मिलिमीटर जाडीची नळी, तीत नमुना दाबून भरलेला, आणि चुंबकीय क्षेत्राशी ५४.७ अंशांचा कोन धरून ती सेकंदाला हजारो फेऱ्यांनी गरगर फिरवायची. तेव्हा कुठे धूसर संकेत धारदार होतात. शिवाय निसर्गातला कार्बन इथे फारसा कामाचा नाही, कारण एनएमआरला दिसणारा कार्बन-१३ त्यात शंभरात एकच्या आसपास. म्हणून प्रथिनात हव्या त्या जागी कार्बन-१३ मुद्दाम बसवावा लागतो.

या प्रथिनात अमिनो आम्लांचे ४२ मणी. त्यातला २३ वा ऋणभारी, २८ वा धनभारी. त्यांची एकमेकांवरची पकड तंतूतली वळणदार घडी सांभाळते. कर्क्युमिन आलं की नेमका या वळणाचा भाग आणि साखळीचं शेवटचं टोक बदलतं, असं संकेतांनी दाखवलं. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शीखाली तंतूही विस्कटलेले दिसले. सगळ्यांत नवल असं की जस्ताचे आयन या प्रथिनात जे बदल घडवतात, त्यांतल्या काहींशी हे जुळत होतं. कुठे वनस्पतीतलं द्रव्य, कुठे धातू, दोघांचा परिणाम मिळताजुळता.

यावरून हळदीचं दूध पिऊन विसरभोळेपणा जाईल असं कुणी सांगू लागलं, तर ऐकू नये. नळीतलं प्रथिन वेगळं, म्हाताऱ्या आईचा मेंदू वेगळा. पोटात गेलेल्या कर्क्युमिनपैकी रक्तात फार थोडं पोचतं आणि तेही झटपट मोडतं. २०१७ च्या एका मोठ्या आढाव्यानुसार, रुग्ण आणि डॉक्टर दोघांनाही कोणती गोळी खरी हे ठाऊक नसलेल्या, बनावट गोळीशी तुलना केलेल्या चाचण्यांपैकी कर्क्युमिनची एकही तोवर यशस्वी झाली नव्हती. जाहिरातवाले हा आढावा दाखवत नाहीत.

मग एनएमआरनं दिलं काय? जागा. कर्क्युमिनऐवजी पोटात टिकणारं, रक्तात उतरणारं, मेंदूपर्यंत जाणारं दुसरं काही घडवायचं, तर त्यानं २३ आणि २८ मधल्या वळणाशी काय करायला हवं, याचा नमुना रसायनशास्त्रज्ञाच्या हाती आहे. तो वापरून बनवलेलं प्रत्येक नवं द्रव्य पुन्हा त्याच झिर्कोनियाच्या नळीत भरून, ५४.७ अंशांत फिरवून तपासता येतं.